फुप्फुसातील रक्तप्रवाहाची गणिती प्रारूपे

उजव्या निलयातून निघालेले रक्त फुप्फुसांतून डाव्या अलिंदापर्यंत कसे वाहते, हे द्रवयामिकी आणि स्थितिस्थापकतेच्या समीकरणांनी मांडणारी प्रारूपे. विश्रांतीत मिनिटाला सुमारे 5 लिटर रक्त, म्हणजे उरलेल्या सगळ्या शरीराला मिळून जाते तेवढेच, फुप्फुसांतून वाहते. पण फुप्फुस धमनीतला सरासरी दाब जेमतेम 14 मिमी पारा असतो. महाधमनीत तो 90 च्या घरात असतो. त्यामुळे महाधमनीसाठी बेतलेले प्रारूप इथे जसेच्या तसे चालत नाही. गुरुत्वाकर्षण, वायुकोशांतील हवेचा दाब आणि वाहिन्यांची लवचिकता समीकरणात घ्यावीच लागते.

उभ्या माणसाचे फुप्फुस सुमारे 30 सेमी उंच असते. एवढ्या रक्तस्तंभाचा दाब 23 मिमी पारा भरतो, धमनीतल्या सरासरीपेक्षाही जास्त. वेस्ट, डॉलरी आणि नायमार्क यांनी 1964 मध्ये या आधारावर फुप्फुसाचे तीन पट्टे मांडले. सर्वांत वरच्या पट्ट्यात हवेचा दाब धमनीतल्या दाबापेक्षा जास्त असल्याने केशवाहिन्या मिटतात. निरोगी माणसात हा पट्टा सहसा नसतो. मोठा रक्तस्राव झाला किंवा व्हेंटिलेटरचा दाब वाढवला की तो तयार होतो. मधल्या पट्ट्यात प्रवाह धमनी आणि हवा यांच्या दाबांतील फरकावर ठरतो, नीलेतला दाब तिथे निरुपयोगी. सर्वांत खाली मात्र नेहमीप्रमाणे धमनी आणि नीला यांच्यातला फरकच चालतो.

केशवाहिन्यांसाठी नळ्यांचे गणित सोडून देणे हा फंग आणि सोबिन यांच्या 1969 च्या सिद्धांताचा मोठा गुण. वायुकोशाच्या भिंतीत केशवाहिन्यांचे जाळे इतके दाट असते की, त्यांनी ते खांबांवर तोललेल्या दोन पडद्यांमधल्या पातळ थरासारखे मानले. माणसात या थराची जाडी सुमारे 3.5 मायक्रोमीटर धरतात, आणि आतला दाब हवेच्या दाबापेक्षा 1 सेमी पाण्याने वाढला की ती 0.127 मायक्रोमीटरने वाढते. प्रवाह दोन्ही टोकांच्या जाडीच्या चौथ्या घातांमधील फरकाच्या प्रमाणात असतो. धमनीकडे 15 आणि नीलेकडे 5 सेमी पाणी दाब असेल, तर जाडी अनुक्रमे 5.4 आणि 4.1 मायक्रोमीटर होते. फुप्फुसात साधारण 5 सेमी खाली उतरले की दाब 20 आणि 10 होतात. फरक तोच 10, तरी प्रवाह जवळजवळ 45 टक्क्यांनी वाढतो.

मोठ्या धमन्यांचा आकार सीटी अँजिओग्राफीवरून घेतात. त्रिमितीय जाळी बांधून द्रवाच्या वहनाची नाव्हिए-स्टोक्स समीकरणे सोडवली जातात. खरी अडचण कापलेल्या टोकांशी येते. स्कॅनमध्ये एक-दोन मिमीपेक्षा बारीक फांद्या नीट दिसत नाहीत, आणि बहुतेक रोध त्यांच्या पुढेच असतो. सगळ्या टोकांना शून्य दाब दिला, तर प्रवाहाची वाटणी नुसत्या भूमितीवर ठरते आणि उजवीकडे सुमारे 55, डावीकडे 45 टक्के हे प्रमाण जुळत नाही. म्हणून प्रत्येक टोकाला रोध-धारकता-रोध असे विंडकेसेल मंडल, म्हणजे पुढच्या न दिसणाऱ्या वाहिन्यांचा रोध आणि फुगून रक्त सामावण्याची क्षमता (धारकता) दाखवणारे सोपे प्रारूप, जोडतात. धारकता कमी धरली की आकुंचनाचा दाब फाजील चढतो. नाडीचे काही ठोके चालवून दाबाचा आलेख आधीच्या ठोक्यासारखाच उमटेपर्यंत निकाल घेऊ नये.

एकूण रोध कॅथेटरवरून मिळतो : सरासरी धमनीदाबातून वेज दाब (कॅथेटरने धमनीची फांदी बंद करून मोजलेला, डाव्या अलिंदातल्या दाबाचा अंदाज देणारा दाब) वजा करून हृदयाच्या मिनिटभराच्या प्रवाहाने भागायचे. धमनीदाब 14, वेज दाब 8 मिमी पारा आणि प्रवाह 5 लिटर घेतल्यास 1.2 वुड एकके (मिनिटाला एका लिटरमागे मिमी पारा) येतात. दाब मोजणारा ट्रान्सड्यूसर हृदयाच्या पातळीपेक्षा 10 सेमी खाली राहिला, तर दाब सुमारे 7 मिमी जास्त दिसतो. 14 चे 21 होतात आणि फुप्फुसीय उच्चदाबाची 20 ची सीमा ओलांडली जाते. वजाबाकीत ही चूक कटते, म्हणून रोध बरोबरच दिसतो आणि चूक लपून राहते. थराची जाडी मात्र प्रत्यक्ष दाबावर ठरत असल्याने केशवाहिन्यांचा प्रवाह चुकतो. वेज दाब मोजताना कॅथेटरचे टोक सर्वांत खालच्या पट्ट्यात नसेल, तर आकडा डाव्या अलिंदाऐवजी हवेच्या दाबाचा येतो.

या शास्त्राने शस्त्रक्रियाही बदलल्या. एकच कार्यक्षम निलय घेऊन जन्मलेल्या मुलांत फॉन्टन शस्त्रक्रियेनंतर शिरांतले रक्त पंपाविना फुप्फुसात जाते, त्यामुळे एक-दोन मिमी पाऱ्याची हानीही महाग पडते. दे लवाल आणि सहकाऱ्यांनी 1988 मध्ये प्रयोगशाळेतील प्रवाहमापनातून दाखवले, की रुंद अलिंदातून रक्त फिरवल्याने ऊर्जा भोवऱ्यांत वाया जाते. महाशिरा थेट फुप्फुस धमनीला जोडण्याची रीत त्यानंतर रुजली. वरची आणि खालची महाशीर समोरासमोर जोडली की दोन धारा आपटतात, म्हणून जोड थोडा सरकवून हानी व वाटणी दोन्ही मोजतात. अशा गणितात श्वास आणि व्यायाम धरावेच लागतात, कारण इथला प्रवाह श्वासागणिक बदलतो.