प्रार्थनेचे उत्तर (ख्रिस्ती संकल्पना, गोवा)

प्रार्थनेचे उत्तर : भक्ताचे मागणे देव ऐकतो आणि त्याला प्रतिसाद देतो, ही ख्रिस्ती श्रद्धा. मागितले तेच मिळणे हा या प्रतिसादाचा केवळ एक प्रकार. वेगळेच काही पदरात पडणे, वाट पाहावी लागणे, साफ नकार, ही सगळी उत्तरेच धरली जातात. गोव्यातला मराठी वाचक इथेच जरा थबकतो. देवळात गाऱ्हाणे घालून प्रसाद लावला, की मूर्तीवरची पाकळी उजवी पडली की डावी, यावरून देवाचा कौल समजतो. चर्चमध्ये असा कौल नाही. उत्तर आले का, आले तर कोणते, हे प्रार्थना करणाऱ्याने पुढच्या जगण्यातून ओळखायचे असते. कित्येकदा ते फार उशिरा ओळखू येते.

गोव्याच्या ख्रिस्ती कोकणीत प्रार्थनेला ‘मागणें’ असाच शब्द आहे. बायबलमध्येही मागण्याचा संकोच नाही. मत्तयच्या शुभवर्तमानात (७:७) येशू सांगतो, मागा म्हणजे मिळेल, ठोका म्हणजे दार उघडेल. लूकने दिलेल्या दाखल्यांत तर चिकाटीचे कौतुकच आहे : मध्यरात्री भाकरीसाठी शेजाऱ्याचे दार वाजवणारा मित्र, आणि न्यायाधीश कंटाळून न्याय देईपर्यंत त्याची पाठ न सोडणारी विधवा. पण त्याच ग्रंथात याकोबाच्या पत्रात (४:३) चैनीसाठी मागितलेले मिळत नाही असे बजावले आहे, आणि योहानाच्या पहिल्या पत्रात (५:१४) देवाच्या इच्छेनुसार मागण्याची अट आहे.

या अटीमुळे कोणतीही प्रार्थना फसलीच नाही असे म्हणण्याची सोय होते, असा आक्षेप सहज सुचतो. तो टाकाऊ नाही. मात्र ही पळवाट नंतर कोणी शोधलेली नव्हे, नकाराच्या कथा मूळ ग्रंथाच्या गाभ्यातच आहेत. दावीद राजाने सात दिवस उपवास करून, जमिनीवर पडून राहून याचना केली, तरी त्याचे मूल वाचले नाही. प्रेषित पौलाने आपल्या देहातला ‘काटा’ काढण्यासाठी तीनदा विनवले. काटा राहिला, माझी कृपा तुला पुरेशी आहे, एवढेच उत्तर आले. आणि अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत स्वतः येशूने दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली, पण माझ्या नव्हे, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, अशी जोडही तिला दिली. प्याला टळला नाही. ज्या धर्मात खुद्द देवाच्या पुत्राचे मागणे असे परत येते, तिथे नकार म्हणजे श्रद्धा कमी पडल्याची खूण, असे सरसकट म्हणता येत नाही. तरीही तसे म्हणणारे उपदेशक असतात, आणि आजाऱ्याच्या घरी त्यांचे बोलणे फार लागते.

उशिरा कळलेल्या उत्तराचे उदाहरण म्हणून संत मोनिकेची कथा सांगतात. मुलगा ऑगस्टिन (पुढचा संत ऑगस्टिन) रोमला जाऊ नये म्हणून ती कार्थेजच्या किनाऱ्यावरच्या एका प्रार्थनास्थळात रात्रभर देवाला आळवत राहिली. तो मात्र तिला फसवून त्याच रात्री जहाजाने निघून गेला. इटलीतच त्याला मिलानचा बिशप अँब्रोज भेटला आणि ३८७ मध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला. मुलाने ख्रिस्ती व्हावे हे तिचे जन्माचे मागणे होते. देवाने त्या रात्रीचे मागणे नाकारले ते हे मोठे मागणे पुरवण्यासाठी, असे ऑगस्टिनने पुढे स्वतःच लिहिले.

सर्वज्ञ देवाला मुळात सांगायचे तरी कशाला? तेराव्या शतकात ख्रिस्ती धर्मपंडित थॉमस अक्वायनसने याचे उत्तर दिले : प्रार्थना देवाचा बेत बदलण्यासाठी नसते, काही गोष्टी प्रार्थनेतूनच घडाव्यात हेही त्या बेतातच असते.

गोव्यात ही शिकवण प्रत्यक्षात संतांच्या मध्यस्थीतून दिसते. संत देत नाही, आपल्या वतीने देवाला सांगतो, असे चर्चचे म्हणणे. वाड्यावरच्या खुरसापुढे (क्रुसापुढे) म्हटल्या जाणाऱ्या लादाइनीत, म्हणजे सामूहिक विनवणीत, हा फरक ऐकू येतो : येशूची आई मरिया हिचे एकेक बिरुद उच्चारले, की जमलेले लोक लॅटिनमध्ये ‘ओरा प्रो नोबिस’, म्हणजे आमच्यासाठी विनंती कर, असा प्रतिसाद देतात. व्यवहारात ही रेघ पुसट होते. जुन्या गोव्यात ३ डिसेंबरच्या फेस्ताला (सणाला) ‘गोंयच्या सायबा’कडे, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरकडे, येणारे बहुतेक जण थेट त्याच्याशीच बोलतात. त्याआधीच्या नऊ दिवसांच्या नोव्हेनांसाठी सावंतवाडी, बेळगाव भागांतून चालत येणारेही असतात. केलेला नवस म्हणजे ‘आंगवण’. ती फेडण्यासाठी मेणबत्त्यांबरोबर मेणाचे हात, पाय, डोळे, तान्ही बाळे विकत मिळतात. जे दुखले किंवा जे हवे होते, तेच वाहायचे.

म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला, म्हणजे मरियेला, तर धर्माचे कुंपणच नाही. ईस्टरनंतर पंधराव्या दिवशी, सोमवारी, तिचे फेस्त भरते. शिरगावच्या लईराई देवीची ही बहीण, अशी लोकसमजूत असल्याने हिंदू भाविकही तेल घेऊन येतात. देवाच्या उत्तराविषयीचे दोन वेगळे विचार एकाच रांगेत उभे असतात आणि कुणाचे काही अडत नाही.

गोव्याच्या वृत्तपत्रांत ‘कृपा लाभल्याबद्दल’ संत जूड वा सायबिणीचे आभार मानणाऱ्या छोट्या जाहिराती येतात. पण त्या होकार मिळालेल्यांच्याच. नकार मिळालेला माणूस जाहिरात देत नाही, मेणाचा पायही वाहत नाही, त्यामुळे नुसत्या या खुणांवरून कुणी हिशेब मांडला तर तो चुकणारच.

गोव्याशी जोडलेली सर्वांत प्रसिद्ध कथा बाणावलीत २१ एप्रिल १६५१ रोजी जन्मलेल्या धर्मगुरू जुझे वाझ यांची. श्रीलंकेतील कँडी राज्यात १६९६ मध्ये दुष्काळ पडला. परंपरेनुसार, इतरांच्या प्रार्थनांनी पाऊस आला नाही, तेव्हा वाझ यांनी चौकात वेदी मांडून क्रूस उभारला आणि प्रार्थना सुरू केली. धो धो पाऊस आला. वेदी आणि ते स्वतः मात्र कोरडे राहिले. यानंतर बौद्ध राजाने त्यांना राज्यभर धर्मप्रचाराची मोकळीक दिली.

लोककथा आणि चर्चचा निर्णय यांत अंतर असते. एखादी प्रार्थना चमत्काराने ऐकली गेली असे अधिकृतपणे ठरण्यासाठी आधी डॉक्टरांचे मंडळ त्या बरे होण्याला वैद्यकीय कारण सापडते का ते तपासते. मग धर्मपंडित ती घटना नेमक्या त्या संताकडे केलेल्या प्रार्थनेशी जोडता येते का ते पाहतात. शेवटचा शब्द पोपचा. वाझ १९९५ मध्ये धन्य (संतपदाआधीची पायरी) घोषित झाले. संतपदासाठी एरवी आणखी एक चमत्कार लागतो. पोप फ्रान्सिस यांनी त्यासाठी न थांबता १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबोत त्यांना संत घोषित केले.