सलाईनमध्ये मीठ किती?

पाणी प्रमाणाबाहेर पोटात गेलं की रक्तातलं सोडियम उतरतं, पाणी पेशींत शिरतं आणि मेंदू सुजतो. या प्रकाराला ‘वॉटर इन्टॉक्सिकेशन’ हे नाव १९२३ साली लिओनार्ड राउनट्री या अमेरिकी डॉक्टरने रूढ केलं. अतिरेकी पाणी दिलेल्या कुत्र्यांना झटके येतात आणि शिरेतून तीव्र मिठाचं पाणी दिलं की ते सावरतात, हे त्याने तेव्हाच पाहिलं होतं. म्हणजे उतारा जुनाच. तरी मुलं दगावत राहिली, तीही रुग्णालयात.

१९५७ मध्ये हॉलिडे आणि सेगर या बालरोगतज्ज्ञांनी मुलांच्या सलाईनचा हिशेब मांडला. पहिल्या १० किलोंना किलोमागे १०० मिली, पुढच्या १० किलोंना ५०, त्यापुढे २०. २२ किलोंच्या मुलाला दिवसाला १,५४० मिली. इतकं सुटसुटीत, की जगभरच्या निवासी डॉक्टरांनी ते तोंडपाठ केलं. मिठाचा अंदाज मात्र आईच्या आणि गाईच्या दुधावरून बांधलेला होता. रक्तात लिटरमागे सोडियम १३५ ते १४५ मिलिमोल. या हिशेबाच्या बाटल्यांत जेमतेम ३०. आपल्याकडच्या बालरुग्ण वॉर्डांतली ओळखीची आयसोलाइट-पी याच घराण्यातली.

धडधाकट मूल जास्तीचं पाणी लघवीवाटे टाकून देतं. पण ऑपरेशन, वेदना, उलट्या, न्यूमोनिया यांत शरीर पाणी धरून ठेवणारं संप्रेरक सोडतं. बाटलीतलं ग्लुकोज जळून जातं, उरतं जवळपास नुसतं पाणी. डोकेदुखी, उलटी, गुंगी ही लक्षणं ऑपरेशननंतर सगळ्यांनाच होतात, म्हणून कुणी दचकत नाही. थेट झटकाच येतो.

१९९२ मध्ये एरिफ आणि सहकाऱ्यांनी अशा १६ मुलांची हकिगत छापली. एरवी निरोगी, बरीचशी किरकोळ शस्त्रक्रियांसाठी आलेली. तरीही ब्रिटनने ०.१८ टक्के मिठाचं, म्हणजे याच कमी खारट जातीचं सलाईन मुलांच्या सर्वसाधारण वॉर्डांतून काढायला २००७ उजाडलं, आणि अमेरिकी बालरोग अकादमीने रक्ताइतक्याच खारट सलाईनची शिफारस केली ती २०१८ मध्ये. इतका उशीर अक्षम्यच म्हणायला हवा.

झटके आले तर आजही ३ टक्क्यांचं तीव्र सलाईन किलोमागे काही मिली, मिनिटांत देतात. पुढे मात्र घाई नाही: सोडियम फार दिवस उतरलेलं असेल आणि ते भराभर चढवलं, तर मेंदूतल्या मज्जातंतूंचं आवरण झडू शकतं. म्हणून २४ तासांत साधारण ८ ते १० मिलिमोलच चढू देतात, पुन्हापुन्हा रक्त तपासत.