समुद्राचं पाणी गोडं केल्यावर उरणारं ब्राइन (कोकण किनारा)

समुद्राचं पाणी आरओने, म्हणजे मेम्ब्रेन नावाच्या बारीक पडद्यातून दाबाने गाळून, गोडं करताना मागे जे डबल खारट पाणी उरतं ते ब्राइन. प्लांटची बातमी आली की सगळे गोड्या पाण्याचं बोलतात, ह्याचं कोण काढतच नाही. समुद्रात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, त्यातलं ४०-४५ टक्के पाणी गोडं होऊन निघालं की उरलेल्यात ६० ग्रॅमच्या आसपास जातं, शिवाय मेम्ब्रेनवर थर धरू नये म्हणून टाकलेली केमिकल्स पण त्यातच. मुंबईत मनोरीला महापालिकेचा रोज २० कोटी लिटरचा प्लांट ठरलाय, म्हणजे २५ कोटी लिटर तरी ब्राइन रोज निघणार.

हे पाणी जड असतं, नुसतं सोडलं तर वर मिसळत नाही, तळाला बसतं आणि तिथला ऑक्सिजन कमी होतो, मग तिसऱ्या, कालवं, खेकडे ह्यांना आधी फटका. म्हणून पाइप खाडीत सोडणं सगळ्यात वाईट. त्यात मे महिन्यात नद्या आटलेल्या, खाडी आधीच खारट झालेली, आणि पाणीटंचाई म्हणून प्लांट फुल चालणार तोही नेमका तेव्हाच! बरा मार्ग म्हणजे पाइप उघड्या समुद्रात लांब नेऊन शेवटी डिफ्युझर लावायचा, म्हणजे बारीक बारीक तोंडांतून पाणी जोरात वर फेकलं जातं आणि थोड्याच अंतरात मिसळून जातं, ऑस्ट्रेलियात पर्थचा प्लांट २००६ पासून असाच डिफ्युझर वापरतो. नाहीतर वीज प्रकल्पाच्या कूलिंगच्या पाण्यात मिसळून सोडतात.

मग मिठागरात का नाही सोडत, हे कोणीतरी विचारतंच. उरण-पेणकडे मिठागरं आहेत खरी, पण रोज ५ मिलिमीटर पाणी सुकतं असं धरलं तरी २५ कोटी लिटरला ५००० हेक्टर जागा लागेल आणि पावसाळ्यात सगळंच बंद. थोडंफार जाईल, बाकी समुद्रातच.

लक्षद्वीपला कवरत्तीत २००५ पासून वेगळीच पद्धत आहे, वरच्या कोमट पाण्याची कमी दाबात वाफ करतात आणि खोल समुद्राचं थंड पाणी वापरून ती गार करतात, रोज १ लाख लिटर, आणि परत जाणारं पाणी जेमतेमच जास्त खारट. पण तिथे किनाऱ्याजवळच समुद्र खोल आहे, आपल्याकडे मुंबईसमोर उथळ समुद्र दोनशे-तीनशे किलोमीटर पसरलाय, तेवढा लांब पाइप कोण टाकणार.