आयर्लंडची बालवाडी आणि भाषेचं ओझं

आयर्लंडमध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांना परंपरेची ओळख करून द्यायची म्हणजे आज काय? १ फेब्रुवारीला लव्हाळ्याच्या काड्यांचा संत ब्रिजिडचा क्रॉस, ज्ञानाचा सामन मासा चाखणाऱ्या, दंतकथेतल्या फिनची गोष्ट, आयरिश भाषेतली चार बडबडगीतं. यात भांडण्यासारखं काही दिसत नाही. पण शंभर वर्षांपूर्वी जवळपास याच वयाच्या मुलांवर एक अख्खी भाषा जगवण्याची जबाबदारी टाकली गेली होती.

ब्रिटिश राजवटीने १८३१मध्ये तिथे ‘नॅशनल स्कूल’ची व्यवस्था सुरू केली. शिक्षण इंग्रजीतून, आयरिशला जागा नव्हती. अनेक गावांत मुलाच्या गळ्यात काठी अडकवली जाई. तोंडून आयरिश शब्द निघाला की काठीवर एक खाच, आणि नंतर खाचा मोजून मार. हा कुठला सरकारी कायदा नव्हता, बऱ्याचदा पालकांचीच त्याला संमती असे. पोटासाठी अमेरिकेला किंवा इंग्लंडला जायचं तर इंग्रजी लागणार, हे त्यांना दिसत होतं. १८४५नंतरच्या दुष्काळाने सर्वांत जास्त झोडपलं ते आयरिश बोलणाऱ्या गरीब पश्चिम भागाला. १८५१च्या जनगणनेत आयरिशभाषक सुमारे १५ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या पावहिश्शाहूनही कमी नोंदले गेले.

भाषेच्या पुनरुज्जीवनासाठी १८९३मध्ये गेलिक लीग स्थापन झाली आणि तिच्या मुशीत घडलेली माणसं १९२२मध्ये स्वतंत्र आयर्लंडच्या सत्तेवर आली. त्यांचा हिशेब सरळ होता: शाळेने भाषा मारली, तर शाळाच ती जिवंत करील. तिथे प्राथमिक शाळेचे शिशुवर्ग चौथ्या वर्षापासूनच सुरू होतात. त्या वर्गांतलं सगळं कामकाज आयरिशमधून चालवायचं ठरलं. या धोरणामागचा वजनदार आवाज होता डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातले शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक, जेझुइट पाद्री टिमथी कॉर्कोरन यांचा. त्यांना स्वतःला आयरिश येत नव्हती. मुलाच्या कलाने घेणारी माँटेसरी पद्धतही त्यांना मानवत नसे. तिच्याविरुद्ध त्यांनी आवर्जून लिहिलं.

बहुतेक मुलांच्या घरी इंग्रजी, आणि कित्येक शिक्षक उन्हाळी वर्गांत घाईघाईने आयरिश शिकलेले. अशा वर्गात चार वर्षांचं मूल किती बोलणार? १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला शिक्षक संघटनेनेच चौकशी करून सांगितलं, की घरी इंग्रजी बोलणाऱ्या मुलांचं यात नुकसान होतं आहे. तरीही शिशुवर्गात रोज अर्धा तास इंग्रजीची मुभा मिळायला १९४८ उजाडलं.

खरा बदल वरून आला नाही. १९६८पासून पालक आणि भाषाप्रेमींनी ‘नीनरा’ सुरू केल्या. या आयरिश माध्यमाच्या छोट्या बालवाड्या. काही समाजमंदिरात, काही कुणाच्या घरात. १९७४मध्ये त्यांची संघटना झाली आणि १९७८मध्ये सरकारी भाषा मंडळाबरोबर संयुक्त समिती. पद्धत साधी: ताई फक्त आयरिशमध्ये बोलणार, मुलाने इंग्रजीत उत्तर दिलं तरी चालेल. हात धुणं, खाऊ, खेळणी आवरणं यांत तीच वाक्यं रोज कानावर पडतात. पूर्वीच्या सक्तीत मुलाला गप्प राहण्याची मुभा नव्हती, इथे आहे. माझ्या मते नीनरा टिकल्या त्या यामुळेच.

ब्रिटनकडेच राहिलेल्या उत्तर आयर्लंडमध्ये, बेलफास्टच्या शॉज रोडवर काही कुटुंबांनी याहून मोठी हिंमत केली. आयरिश बोलणारी वस्ती त्यांनी स्वतः उभारली आणि १९७१मध्ये शाळा काढली. सरकारी अनुदान मिळालं १९८४मध्ये.

दरम्यान ‘आयरिश वारसा’ या शब्दांचा आवाकाही वाढला. २००९च्या ‘अश्टर’ या बालशिक्षण आराखड्यात ‘ओळख आणि आपलेपणा’ हा चारपैकी एक विषय आहे. त्यामुळे पोलिश किंवा नायजेरियन घरातल्या मुलाची भाषा आणि सणही वर्गात येतात. भटक्या ‘ट्रॅव्हलर’ समाजाला स्वतंत्र वांशिक गट म्हणून मान्यता २०१७मध्ये मिळाली, इतकी उशिरा. मोफत बालवाडीचं एक वर्ष २०१०पासून मिळू लागलं. पूर्ण दोन वर्षं झाली २०१८मध्ये, तेव्हा पंतप्रधान होते लिओ वराडकर, ज्यांचे वडील मालवणजवळच्या वराडचे.

२०२२च्या जनगणनेत १८ लाख ७० हजारांहून अधिक लोकांनी आपल्याला आयरिश येते असं सांगितलं. शाळा-कॉलेजच्या बाहेर ती रोज बोलणारे होते सुमारे ७२ हजार.