सीझियम इलेक्ट्रॉन सहज सोडते, तरी फ्लोराइडांत लिथियम पुढे का?

अल्कधातूंच्या गणात (लिथियम, सोडियम, पोटॅशियम, रुबिडियम, सीझियम) वरून खाली जावे तसा अणू मोठा होतो आणि बाहेरचा इलेक्ट्रॉन काढणे सोपे होत जाते. लिथियमला त्यासाठी मोलमागे 520 किलोज्यूल लागतात, सीझियमला 376. मग सीझियमची संयुगे बनताना सर्वांत जास्त ऊर्जा सुटत असणार, असे कुणालाही वाटेल. क्लोराइडांत, म्हणजे क्लोरिनबरोबरच्या संयुगांत, ते बव्हंशी जुळते. फ्लोरिनबरोबरच्या संयुगांत, म्हणजे फ्लोराइडांत, मात्र क्रम उलटा: लिथियम फ्लोराइड बनताना 616 किलोज्यूल सुटतात, सीझियम फ्लोराइड बनताना 553.

रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्ही यांनी 1807 मध्ये लंडनला पोटॅशमधून (पोटॅशियमच्या संयुगातून) वीजप्रवाह सोडला, तेव्हा ऋण टोकाशी पाऱ्यासारखे चकचकीत थेंब जमले. काही थेंब दिसताक्षणी पेटले. हे पोटॅशियम. पाठोपाठ सोडियमही मिळाले. 1861 पर्यंत लिथियम, सीझियम आणि रुबिडियमचा शोध लागला होता. हे धातू इतके क्रियाशील का, हे सांगणारा हिशेब मात्र अजून कुणाकडे नव्हता.

त्याचा पाया 1840 मध्येच रसायनशास्त्रज्ञ हेस यांनी घातला होता: अभिक्रिया कोणत्याही मार्गाने घडवा, एकूण उष्णता तेवढीच. 1913 मध्ये ब्रॅग पितापुत्रांनी क्ष-किरणांनी मिठाच्या स्फटिकाची रचना उलगडली. त्यात सुटे रेणू नव्हतेच. एका सोडियमभोवती सहा क्लोरिन, एका क्लोरिनभोवती सहा सोडियम. 1918 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ माडेलुंग यांनी अशा मांडणीतल्या विद्युत आकर्षणाची बेरीज करून दाखवली.

1919 मध्ये माक्स बोर्न आणि फ्रिट्झ हाबर यांनी हे धागे जुळवले. मिठाचाच जमाखर्च पाहा. सोडियमची वाफ करायला 107 किलोज्यूल, तिच्यातून इलेक्ट्रॉन काढायला 496, क्लोरिनचा अणू सुटा करायला 122. क्लोरिनने इलेक्ट्रॉन घेतला की 349 परत मिळतात. म्हणजे इथवर 376 चा तोटाच! तो भरून निघतो आयन (इलेक्ट्रॉन गमावलेले वा मिळवलेले अणू) स्फटिकात एकत्र आल्यावर, कारण तेव्हा 787 सुटतात. निव्वळ लाभ 411. धातू इलेक्ट्रॉन 'द्यायला उत्सुक' असतो हे वर्गात सर्रास ऐकू येणारे वाक्य माझ्या मते इथेच बाद ठरते.

फ्लोराइडांचे कोडेही याच हिशेबात सुटते. लिथियमकडून सीझियमकडे येताना वाफ करणे आणि इलेक्ट्रॉन काढणे यांचा एकत्रित खर्च सुमारे 227 ने घटतो. पण आयन मोठा झाल्याने स्फटिकाची ऊर्जाही घटते. फ्लोराइड आयन लहान असल्यामुळे धातूच्या आयनाचा आकार बदलला की आयनांमधले अंतर प्रमाणात खूप बदलते, आणि तिथे ही घट सुमारे 290 आहे. बचतीपेक्षा नुकसान जास्त. क्लोराइडांत ती सुमारे 193 च. आयोडाइड आयन तर आणखी मोठा. तिथे घट सुमारे 150 वर येते आणि सीझियम स्पष्टपणे पुढे जाते: लिथियम आयोडाइडचे 270, सीझियम आयोडाइडचे 347.