एक्सएमएलमध्ये नुसतं ‘आयडी’ लिहून भागत नाही

समजा रावेर-यावलकडच्या केळीच्या शेतांची माहिती कुणी एक्सएमएल फाईलमध्ये (माहिती टॅग नावाच्या खुणांमध्ये बांधून ठेवणारी मजकुराची फाईल) भरतंय, प्रत्येक शेताला एक टॅग, त्यात लागवडीची तारीख, रोपं टिश्यू कल्चरची की कंदाची, ठिबक आहे का, सगळं, आणि प्रत्येक टॅगमध्येच लिहिलेली एक जास्तीची नोंद, म्हणजे आयडी (id) नावाचं अ‍ॅट्रिब्यूट. मग एक्सपाथला (एक्सएमएलमधून हवा तो भाग शोधून काढायची भाषा) सांगितलं की या आयडीचं शेत काढ, तर बऱ्याचदा हाती काहीच लागत नाही आणि एररही येत नाही, आणि हेच जास्त त्रासाचं, कारण चूक कुठे आहे तेच कळत नाही.

कारण असं की एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानांच्या भाषेत, आयडीचा अर्थ आधीच ठरलेला आहे, पण एक्सएमएलमध्ये टॅग आणि अ‍ॅट्रिब्यूट आपणच बनवतो, त्यामुळे पार्सरला (फाईल वाचून तिचे भाग ओळखणाऱ्या प्रोग्रामला) ‘आयडी’ हे ‘रंग’ किंवा ‘वजन’ सारखंच एक नाव वाटतं. १९९८ च्या मूळ नियमाप्रमाणे ही खास ओळख आहे हे डीटीडीमध्ये (फाईलमधल्या टॅगचे नियम सांगणाऱ्या यादीत) जाहीर करावं लागतं, आणि डीटीडी वेगळ्या फाईलमध्ये असेल तर व्हॅलिडेशन (नियमांशी पडताळणी) न करणाऱ्या पार्सरला ती न वाचायची मुभा आहे. म्हणजे फाईल ईमेलने एकटीच पुढे गेली की तिची ओळख मागेच राहिली.

यावर डब्ल्यूथ्रीसीने (वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने) सप्टेंबर २००५ मध्ये उपाय दिला तो म्हणजे ‘एक्सएमएल:आयडी’ (फाईलमध्ये xml:id असं), कोलनसकट. ‘एक्सएमएल’ हा प्रीफिक्स (कोलनआधीचा भाग) आधीपासूनच राखीव, वेगळा जाहीर करायची गरज नाही, त्यामुळे हा नियम पाळणारा पार्सर डीटीडी नसली, स्कीमा (नियम लिहायची दुसरी पद्धत) नसला तरी ओळखतो की ही या टॅगची ओळख आहे. मला हे फार आवडतं, कारण अर्थ फाईलच्या आतच राहतो. ब्राउझरमध्ये मात्र जपून, तिथे आता डॉमच्या (ब्राउझर पानाची रचना ज्या पद्धतीने धरतो तिच्या) नियमाने साधं ‘आयडी’च धरलं जातं, म्हणून फाईल ब्राउझरमध्येही वापरायची असेल तर दोन्ही लिहावं.

आयडीमध्ये काय लिहायचं, म्हणजे त्याची व्हॅल्यू, याचे पण नियम आहेत. सातबाऱ्यावरचा गट नंबर 124/2 तसाच टाकला तर चालत नाही, सुरुवातीला इंग्रजी आकडा नको, तिरकी रेघ नको, मधे स्पेस नको, कोलन पण नको. ‘ग-124-2’ चालतं, देवनागरी अक्षरं चालतात, हायफन पण चालतो.

आणि ही ओळख फक्त त्या एका फाईलपुरती एकमेव असते. निंभोऱ्याच्या फाईलमध्ये ‘ग-124-2’ आहे आणि साकळीच्या फाईलमध्ये पण आहे, तोवर भांडण नाही, पण दोन्ही एकत्र केल्या की एकच आयडी दोनदा येतो आणि ती चूक धरली जाते, म्हणून पहिल्यापासून गावाचं नाव पुढे लावून ‘निंभोरा-ग-124-2’ असंच लिहावं, नंतर हजारो नोंदी बदलत बसण्यापेक्षा ते कितीतरी सोपं पडतं.