घाम फुटलाय म्हणून एसी लावू नका

अपघातातला पेशंट ॲम्ब्युलन्समध्ये चढवला की सोबतचं कुणीतरी हमखास म्हणतं, अहो किती घाम आलाय त्याला, एसी वाढवा ना! आणि आतला माणूस नेमका एसी बंद करून, कात्रीने ओले कपडे कापून पेशंटला ब्लँकेटमध्ये गुंडाळत असतो. बघणाऱ्याला वाटतं याला काही कळत नाही, पण बरोबर तोच असतो.

तो घाम उकाड्याचा नसतोच. रक्त गेलं की सिम्पथेटिक नर्व्हज (संकटात शरीराला आपोआप सावध करणाऱ्या नसा) कामाला लागतात, कातडीच्या रक्तवाहिन्या आवळतात म्हणजे उरलेलं रक्त मेंदू आणि हृदयाकडे जावं, आणि त्याच गडबडीत घामही सुटतो. कपाळाला हात लावला तर ओलं पण गार लागतं.

आता माझा आवडता भाग. रक्त गोठतं म्हणजे काय, तर आधी प्लेटलेट्स जखमेवर चिकटतात आणि मग एन्झाइम्सची साखळी सुरू होते, एक दुसऱ्याला जागं करतं, दुसरं तिसऱ्याला, शेवटी थ्रॉम्बिन तयार होतं आणि ते फायब्रिनचे धागे विणतं. ही सगळी टीम 37 डिग्रीला काम करायला बनलेली आहे. शरीर 34च्या खाली गेलं की प्लेटलेट्स नीट चिकटत नाहीत, अजून उतरलं की एन्झाइम्सही रेंगाळतात, म्हणजे रक्त जास्त वाहतं, म्हणजे शरीर अजून गार पडतं. त्यात पेशींना ऑक्सिजन कमी पडला की त्या लॅक्टिक ॲसिड बनवायला लागतात, आणि ॲसिड वाढलं की थ्रॉम्बिन आणखी कमी तयार होतं. थंडी, ॲसिड, न गोठणारं रक्त, तिघं एकमेकांना ओढत खाली नेतात. ट्रॉमावाले, म्हणजे गंभीर जखमांवर उपचार करणारे डॉक्टर, याला लीथल ट्रायड (जीवघेणं त्रिकूट) म्हणतात.

मग सलाईन का नाही धडाधड चढवत? कारण त्यात प्लेटलेट्स नाहीत, क्लॉटिंग फॅक्टर (रक्त गोठवणारे घटक) नाहीत, हिमोग्लोबिन नाही, आहे ते फक्त मीठ-पाणी. रक्त पातळ होतं, बीपी वाढून नुकतीच बसलेली गुठळी उडू शकते, आणि 20 डिग्रीचं एक लिटर सलाईन 70 किलोच्या माणसाला साधारण पाव-एक डिग्री गार करतं (हिशोब करून बघा, शाळेतलंच कॅलरीमेट्री आहे). म्हणून रक्तस्राव थांबेपर्यंत वरचा बीपी 80-90 वर ठेवला तरी चालवून घेतात. डोक्याला मार असेल तर मात्र हे चालत नाही, तिथे मेंदूला प्रेशर लागतंच. ट्रानेक्झामिक ॲसिड नावाचं स्वस्त औषध गुठळी विरघळू देत नाही, 2010 साली आलेल्या क्रॅश-2 या 20,000हून जास्त पेशंटच्या ट्रायलमध्ये त्याने मृत्यू कमी झाले, पण तीन तासांच्या आत दिलं तरच.

आणि ते 'गोल्डन अवर', म्हणजे पहिल्या तासात उपचार मिळाले तर पेशंट वाचतो असं म्हणतात ते. बाल्टिमोरचे सर्जन आर. ॲडम्स काउली यांनी ही कल्पना गाजवली, पण 60 मिनिटं हा काही मुहूर्त नाही की 59व्या मिनिटाला वाचला आणि 61व्याला गेला. मांडीची धमनी तुटली तर हातात काही मिनिटंच असतात, तिथे सायरन नाही, जखमेच्या वर आवळलेलं टूर्निके (रक्त थांबवणारा घट्ट पट्टा) उपयोगी पडतं.

यातली सगळ्यात फसवी गोष्ट हॉस्पिटलमध्ये पोचल्यावर घडते. रक्त गोठण्याची टेस्ट लॅबमध्ये सॅम्पल 37 डिग्रीला तापवून करतात, त्यामुळे 33 डिग्रीला पडलेल्या माणसाचा रिपोर्टही नॉर्मल येऊ शकतो आणि तिकडे ड्रेसिंग भिजतच असतं.